पिशवीतलं जित्राब

निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराला विचारा, छाटणीच्या वेळी बागेला काय काय दिलं? शेणखत, सुपर फॉस्फेट, पोटॅश अशी यादी तो घडाघडा म्हणेल आणि शेवटी सहज जोडेल, "पीएसबी पण सोडलं ड्रिपमधून." आता गंमत बघा. यादीतल्या बाकीच्या सगळ्या वस्तू वेलीच्या पोटात जाणाऱ्या. या शेवटच्या बाटलीत मात्र वेलीनं खावं असं जवळपास काहीच नाही. आहेत ते जिवाणू, जिवंत! मग हे खत कसलं?

उत्तर नाशिकच्या मातीतच आहे. लाव्हारसाच्या खडकातून घडलेली ही काळी जमीन. तिच्यात अनेक ठिकाणी चुनखडी भरपूर आणि सामू आठच्या आसपास किंवा त्याच्याही वर. अशा जमिनीत सुपर फॉस्फेटमधलं स्फुरद पडलं की चुन्यातलं कॅल्शियम त्याला लगेच धरून बसतं. दोघांचं मिळून जे काही तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही, आणि मुळांना तर विरघळलेलंच लागतं. टाकलेल्या स्फुरदापैकी पाचवा हिस्सा पहिल्या हंगामात पिकाला मिळाला, तरी पुष्कळ झालं. उरलेलं जमिनीतच साठत जातं. कोठार भरलेलं, दाराला कुलूप आणि घरातले उपाशी!

कुलूप उघडतात ते हे पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. बॅसिलस मेगाटेरियम हा त्यांच्यातला एक. साखर खायची, तिच्यापासून ग्लुकोनिक आम्लासारखी आम्लं बनवायची आणि ती अंगाबाहेर सोडायची, हा त्यांचा उद्योग. आम्ल कॅल्शियमला आपल्याकडे ओढतं आणि स्फुरद सुटं होतं.

हे डोळ्यांनी बघता येतं का? येतं! 1948 साली पिकोव्हस्काया या रशियन संशोधिकेनं त्याची सोपी युक्ती काढली. काचेच्या बशीत जिवाणूंचं खाद्य ओतायचं आणि त्यात न विरघळणारं कॅल्शियम फॉस्फेट मिसळायचं. बशी दुधासारखी पांढरी दिसते. त्यावर जिवाणूंचे ठिपके द्यायचे आणि काही दिवस थांबायचं. ज्या ठिपक्याला ही विद्या येते, त्याच्याभोवती पांढरेपणा नाहीसा होऊन स्वच्छ, पारदर्शक कडं उमटतं. कुणी किती स्फुरद सोडवलं, त्याचा अंदाज कड्याच्या रुंदीवरून!

मग हे जिवाणू अख्ख्या वावराचा सामू उतरवतात का? छे! एवढ्या चुनखडीपुढे त्यांचं आम्ल ते किती! त्यांची सत्ता चालते ती स्वतःच्या अंगाला चिकटलेल्या मातीच्या कणांवर. पण वेलीची पांढरी मुळी नेमकी तिथंच असते. मुळी साखर आणि अमिनो आम्लं पाझरत राहते, त्या खाऊवर जिवाणू तिच्याभोवती गर्दी करतात आणि त्यांनी सुटं केलेलं स्फुरद मुळी उचलते. हा व्यवहार माणसानं ठरवून दिलेला नाही. आपण शेती सुरू करण्याच्या कितीतरी आधीपासून तो चालू आहे.

खरी कसरत पुढेच आहे. हे जित्राब बाटलीत किंवा पिशवीत भरायचं कसं? कृषी सेवा केंद्राच्या पत्र्याखाली एप्रिलचं ऊन, आणि त्यात कुणी ठरवलं की विद्राव्य खताच्या दाण्यांबरोबरच जिवाणू द्यायचे. खत म्हणजे तर क्षार! घट्ट द्रावणात जिवाणूच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो मरतो.

बॅसिलस कुळानं याची तजवीज आधीच करून ठेवली आहे. उपासमार सुरू झाली की हा जिवाणू आपल्या आतच एक बीजाणू घडवतो. त्याच्या गाभ्यात पाणी अगदी कमी, भोवती थरावर थर, आणि सगळे व्यवहार बंद. काही बीजाणू उकळत्या पाण्यातूनही जिवंत निघतात. कोरड्या खतात असा बीजाणू निवांत पडून राहतो. ड्रिपमधून मुळाशी पोचला आणि अमिनो आम्लांची चाहूल लागली, की काही मिनिटांत जागा होऊ लागतो. आणि गाभा कोरडा ठेवण्यासाठी त्यानं आत काय भरलेलं असतं? डायपिकोलिनिक आम्लाशी जोडलेलं कॅल्शियम! ज्या कॅल्शियमनं स्फुरद अडकवलं, त्याच्याच जोरावर स्फुरद सोडवणारा तग धरतो.

म्हणून या खताचं कायद्यातलं मापही वेगळं. रासायनिक खताच्या पोत्यावर टक्के असतात, इथं जिवंत पेशी मोजतात. खत नियंत्रण आदेशानुसार पावडरीच्या एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी, तर द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान 10 कोटी. म्हणजे एका लिटरच्या बाटलीत दहा हजार कोटी जीव!

बॅसिलस कुळाच्या करामती स्फुरदावर संपत नाहीत. पुण्याजवळच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या संशोधकांनी द्राक्षवेलींवरूनच बॅसिलस सबटिलिस जिवाणू वेगळे केले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात हे जिवाणू प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाचे तुकडे करताना आढळले. निर्यातीच्या मालात रेसिड्यू किती निघेल, या धास्तीत असणाऱ्या बागायतदाराच्या वेलीवरच विष फोडणारा हा पाहुणा मुक्कामाला होता!

मग पीएसबी सोडलं की झालं? नाही. झोपलेल्याला काही लागत नाही, पण जागा झालेला जीव खायला मागतो. जमिनीत सेंद्रिय कर्ब नसेल, वाफसा नसेल, तर बाटलीतले दहा हजार कोटी काही दिवसांत ओसरतात. त्याच टाकीत बोर्डोसारखं तांब्याचं बुरशीनाशक कालवलं, तर खेळ बिघडू शकतो. बागायतदाराच्या यादीत पीएसबी शेवटी येतं आणि शेणखत पहिलं, तो क्रम अगदी बरोबर आहे: जित्राब घरी आणायच्या आधी वैरणीची सोय हवी.