पडद्यामागचा दुभाषी

संगणकावर लिनक्स बसविणे आता पूर्वीइतके जिकिरीचे राहिलेले नाही. पेनड्राइव्ह लावावा, चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत, चहा घेऊन यावे. तोवर काम बहुतेक झालेले असते. पण ज्याच्या यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे, अशा नवशिक्याचे घोडे बहुधा एकाच ठिकाणी पेंड खाते. ते ठिकाण म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर.

गेल्या वर्षी आमच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यावर हाच प्रसंग ओढवला. उन्हाळ्याच्या सुटीत मामाच्या दुकानात काम करून त्याने एक वापरलेले कार्ड विकत घेतले होते. प्रकल्पासाठी तो बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीची त्रिमितीय प्रतिकृती ब्लेंडर या प्रणालीत करीत होता. कार्ड चालू झाल्यावर काम झपाट्याने पुढे सरकले. प्रकल्प दाखविण्यास चार दिवस उरले असताना मात्र तो सकाळीच दारात येऊन उभा राहिला.

"सर, स्क्रीन काळी झाली बघा. नुसती एक रेघ लुकलुकते आहे."

"काल काय केलेस?"

"काहीच नाही सर. अपडेट तेवढे घेतले. हे लिनक्स आपल्यासारख्यांसाठी नाही हो. त्यातले इंग्रजीच मला झेपत नाही. मी विंडोजवर परत जातो."

हा मुलगा खेड्यातून आलेला, मराठी माध्यमात शिकलेला. यंत्र अडले याचे मला विशेष वाटले नाही; पण दोष आपल्या इंग्रजीचा आणि आपल्या बुद्धीचा, असे त्याने परस्पर ठरवून टाकले होते, ते मनाला लागले. ड्रायव्हर म्हणजे काय आणि तो नेमका कोठे अडतो, हे एकदा नीट समजले तर असा न्यूनगंड राहणार नाही, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

दुभाष्याचे काम

आपल्या भागात दुभाषी म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कचेरीतील कारकुनास कन्नड येते, आजोबांना मराठीच येते. अशा वेळी दोन्ही भाषा जाणणारा कोणीतरी मध्ये उभा राहतो आणि काम होते. ड्रायव्हर हा असाच मध्ये उभा राहणारा आहे. एका बाजूस ग्राफिक्स कार्ड, त्याची भाषा त्याच्या निर्मात्याने ठरविलेली. दुसऱ्या बाजूस लिनक्सचा कर्नल. हा कर्नल सैन्यातला नव्हे. बीच्या आतला गर, गाभा, या अर्थाचा तो शब्द आहे. स्मृती कोणाला किती द्यायची, कोणत्या कामाला केव्हा वेळ द्यायचा, यंत्राच्या कोणत्या भागाला कोण हात लावणार, हे सारे हा गाभा ठरवितो. ड्रायव्हरचा मुख्य भाग या गाभ्यातच बसतो. त्या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. त्याच्या जोडीला गाभ्याबाहेर काही ग्रंथालये असतात. ब्लेंडरसारख्या प्रणाली आपली मागणी आधी त्यांच्याकडे नेतात.

लिनक्समध्ये असे दुभाषी दोन प्रकारचे आहेत. पहिला, गाभ्याबरोबरच लिहिला जाणारा. इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर असा आहे. एएमडी कंपनीचा 'एएमडीजीपीयू' हा ड्रायव्हर 2015 साली गाभ्याच्या 4.2 या आवृत्तीत आला, तोही असाच. त्यामुळे ही कार्डे असणाऱ्यांना बहुधा काहीच बसवावे लागत नाही. दुसरा प्रकार बाहेरून येणारा. एनव्हीडियाच्या कार्डांसाठी खुद्द कंपनी देते तो ड्रायव्हर या दुसऱ्या प्रकारचा. त्याच कार्डांसाठी 'नूवो' नावाचा एक खुला ड्रायव्हरही गाभ्यात आहे. स्वयंसेवकांनी कार्डाचे वर्तन बारकाईने तपासून तो लिहिला आणि 2010 साली तो गाभ्याच्या 2.6.33 या आवृत्तीत दाखल झाला. पडद्यावर चित्र उमटविण्यास तो पुरतो. परंतु ब्लेंडरला कार्डाची गणनशक्ती हवी असते, आणि त्यासाठी कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. आमच्या विद्यार्थ्याला म्हणूनच या वाटेने जावे लागले.

गाभा बदलला की

आता काळ्या पडद्याकडे वळू. या मुलाने कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हरची फाईल उतरवून घेतली, कोठेतरी वाचून नूवोला बंदी घातली आणि ती फाईल चालविली. मध्ये एक प्रश्न आला होता, त्याला त्याने घाईत 'नाही' म्हटले. कार्ड चालू झाले, आठवडाभर सुरळीत चालले, आणि अपडेटनंतर सारे अंधारले.

याचे कारण असे. लिनक्सच्या गाभ्याचा आतला भाग सतत बदलत असतो. बाहेरच्या सामान्य प्रणालींना त्या बदलाची झळ लागू नये याची काळजी घेतली जाते. परंतु गाभ्याच्या आत, मॉड्यूल जेथे जोडले जाते तेथे, असे वचन कोणी देत नाही. गाभ्याबरोबर लिहिलेल्या ड्रायव्हरांना याचा त्रास होत नाही, कारण जो बदल करतो त्यालाच ते ड्रायव्हरही दुरुस्त करावे लागतात. बाहेरचे मॉड्यूल मात्र ज्या गाभ्यासाठी बांधले त्याच्यापुरतेच. गाभा नवा आला की मॉड्यूल पुन्हा बांधावयास हवे. हे काम आपोआप करणारी डीकेएमएस नावाची एक व्यवस्था आहे. नवा गाभा आला की ती मॉड्यूल त्याच्या मापाने पुन्हा बांधून ठेवते. आमच्या विद्यार्थ्याने ज्या प्रश्नाला 'नाही' म्हटले, तो प्रश्न 'हे मॉड्यूल डीकेएमएसकडे नोंदवू का?' हाच होता.

म्हणजे झाले असे, की जुन्या दुभाष्याला रजा दिली होती आणि नवा दुभाषी नव्या कचेरीत रुजूच झाला नव्हता. दोघांपैकी एकही जागेवर नसल्यावर पडद्यावर काय उमटणार? यात यंत्र बिघडले नव्हते, कार्ड जळले नव्हते, आणि मुलाने केलेली कमल बस्तीही डिस्कवर जशीच्या तशी होती.

उपाय दोन. पहिला तात्पुरता : यंत्र सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट कळ दाबून यादी आणावी, तीतील 'ॲडव्हान्स्ड' या ओळीत जावे आणि जुना गाभा निवडावा. आम्ही तसे केले आणि पडदा लगेच उजळला. दोष गाभा व मॉड्यूल यांच्या मेळातच आहे, याचा तो पुरावाही झाला. दुसरा उपाय कायमचा : कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन या कळा एकदम दाबल्या की चित्राविना, नुसत्या अक्षरांचा पडदा येतो. तेथे नाव व परवलीचा शब्द देऊन, उतरविलेल्या फाईलच्याच साहाय्याने तो ड्रायव्हर काढून टाकला आणि उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातील ड्रायव्हर बसविला. 'उबुंटू-ड्रायव्हर्स' ही आज्ञा कार्ड ओळखते आणि कोणता ड्रायव्हर योग्य तेही सुचविते. भांडारातून आलेला ड्रायव्हर पुढच्या अपडेटबरोबर आपणहून जुळवून घेतो. संकेतस्थळावरील फाईल वाईट असते असे नाही. पण ती घेतली की देखभालीचा भार आपल्यावर येतो, आणि नवशिक्याला हे कोणी आधी सांगत नाही.

सहीचा प्रश्न

त्याच आठवड्यात कन्नड विभागात लिहिणारा त्याचा एक मित्र नवा लॅपटॉप घेऊन आला. याचा पडदा काळा नव्हता, कारण लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स होते आणि पडदा पहिल्यावर चालत होता. दुसरे कार्ड मात्र ब्लेंडरला दिसेना. मॉड्यूल डीकेएमएसने बांधलेले होते, आवृत्ती जुळत होती, तरी गाभा ते आत घेईना. संदेश होता, 'किल्ली नाकारली गेली' अशा अर्थाचा.

येथे अडथळा निराळा होता. नव्या यंत्रांत 'सिक्युअर बूट' नावाचा पहारा असतो. ज्याच्यावर ओळखीची सही नाही, अशी कोणतीही वस्तू तो गाभ्यात जाऊ देत नाही. आपल्याच यंत्रावर बांधलेल्या मॉड्यूलवर वितरकाची सही नसते; म्हणून यंत्राच्या मालकाने आपली किल्ली एकदा नोंदवावी लागते. बसविताना एक परवलीचा शब्द ठरविण्यास सांगतात, आणि यंत्र पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. त्यावर 'एन्रोल मोक' ही ओळ निवडून तोच शब्द द्यावयाचा असतो. हा निळा पडदा थोडाच वेळ थांबतो. या मित्राने सवयीने एंटर दाबले आणि पहिलीच ओळ, म्हणजे 'पुढे चला', निवडली गेली. 'मोकयुटिल' या आज्ञेने किल्ली पुन्हा पुढे केली, यंत्र बंद करून सुरू केले, या वेळी निळ्या पडद्यावरील प्रत्येक ओळ वाचली, आणि कार्ड दिसू लागले.

सिक्युअर बूट बंद करूनही हे काम होते, आणि पुष्कळजण तसेच करतात. पण पहारेकऱ्याला घरी पाठविण्यापेक्षा त्याला आपली ओळख पटवून देणे बरे.

कुलूप कोणाचे?

हा सारा खटाटोप मुळात का करावा लागतो, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्याला पडेल. त्याचे उत्तर तंत्रापेक्षा इतिहासात अधिक आहे. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेसर प्रिंटर आला. कागद अडकला की सर्वांना सूचना मिळावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रणालीत केली होती. नव्याचे मूळ लेखन मात्र त्यांना मिळेना. हा अनुभव त्यांच्या मनात राहिला, आणि 1983 साली त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. मुक्त प्रणालींच्या चळवळीच्या मुळाशी अशी एक यंत्र चालविण्याचीच अडचण होती! पुढे 1991 साली हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि 1992 मध्ये तो ग्नूच्या परवान्याखाली आणला.

एएमडीने 2007 पासून आपल्या कार्डांची माहिती खुली करण्याचा मार्ग धरला. एनव्हीडियाने पुष्कळ काळ तसे केले नाही. 2012 साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात टॉरवाल्ड्स यांनी त्या कंपनीला उघडपणे खरमरीत शब्द सुनावले. पुढे मे 2022 मध्ये एनव्हीडियाने आपल्या गाभ्यातील मॉड्यूलचे मूळ लेखन खुले केले. ते 2018 च्या ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांना चालते. गाभ्याबाहेरची ग्रंथालये आणि कार्डातील अंतर्गत प्रणाली मात्र तेव्हाही बंदच राहिल्या. जुन्या कार्डांचे गणित आणखी वेगळे : केपलर पिढीला 470 ही मालिका शेवटची, फर्मीला 390. वापरलेले कार्ड विकत घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी त्याची पिढी विचारावी, ती याचसाठी.

तीन प्रश्न

ड्रायव्हर अडला की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझे कार्ड कोणते आणि त्यास आता कोणता ड्रायव्हर लागला आहे? 'एलएसपीसीआय' या आज्ञेला उणे चिन्ह व 'के' हे अक्षर जोडले की हे कळते. मॉड्यूल सध्याच्या गाभ्यासाठी बांधलेले आहे काय? 'डीकेएमएस स्टेटस' ते सांगते. आणि पहारेकऱ्याने ते आत घेतले आहे काय? 'एनव्हीडिया-एसएमआय' दिल्यावर कार्डाचा तक्ता आला, तर घेतले आहे असे समजावे. प्रत्येक उत्तर वहीत लिहून ठेवावे, आणि एका वेळी एकच बदल करावा. पाच ठिकाणचे पाच उपाय एकदम केले, तर कशाने बिघडले आणि कशाने सुधारले, ते कधीच कळत नाही.

यासाठी फार इंग्रजी लागत नाही. संदेशातील दोन-तीन शब्द ओळखावे लागतात, आणि ते आपल्या मुलांना सहज जमते. त्या दोघांनी मिळून या तीन प्रश्नांचा एक कागद मराठीत व कन्नडात तयार केला आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला. कमल बस्तीची प्रतिकृती ठरल्या दिवशी दाखविली गेली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "सर, आज गाभा पुन्हा बदलला बघा. मी आधी डीकेएमएस पाहिले, मगच यंत्र बंद करून चालू केले."

"मग?"

"मग काय सर, पडदा आला की."