०.१ आणि ०.२ यांच्या बेरजेत चूक कुणाची?

पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली की उत्तर येते ०.३०००००००००००००००४. ते पाहून ‘संगणकाचे गणित कच्चे’ असा शेरा सर्रास मारला जातो. तो चुकीचा आहे. बेरीज आयईईई ७५४ या १९८५ सालच्या मानकाच्या नियमानुसारच झालेली असते. गोंधळ त्याच्या आधीचा आहे, कारण ०.१ ही संख्या संगणकात शिरतानाच बदललेली असते.

फ्लोटिंग पॉइंट संख्या द्विमान पद्धतीत ठेवतात, त्यामुळे अपूर्णांकाच्या छेदात फक्त २ चे घात चालतात. जुन्या पिढीने पाठ केलेली पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी संगणकाला तंतोतंत जमते. रुपयाचा सोळावा भाग असलेला आणाही बिनचूक बसतो. पण १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर भाग झाले. १ ते ९९ पैशांपैकी २५, ५० आणि ७५ वगळता एकही रक्कम रुपयांत लिहिली तर द्विमानात नेमकी मावत नाही. एक दशांश तिथे कधी संपतच नाही. ६४ बिटांच्या संख्येत ५३ सार्थ बिटांवर थांबावे लागते, आणि जवळची संख्या स्वीकारावी लागते.

गैरसमज : पडद्यावर दिसते तीच संख्या आत असते. आतला ०.१ खरे तर ०.१००००००००००००००००५५५११… असा दशांशचिन्हापुढे ५५ अंकांपर्यंत जातो. तरी पडद्यावर ०.१ दिसतो, कारण छापणारा प्रोग्राम एक प्रश्न सोडवत असतो : परत वाचल्यावर हीच संख्या मिळेल असे सर्वांत कमी अंक कोणते? पायथन पूर्वी ०.१०००००००००००००००१ छापत असे. २००९ च्या ३.१ आवृत्तीपासून ०.१ छापू लागले. आतली संख्या तसूभरही बदलली नव्हती.

आता त्या बेरजेकडे पुन्हा पाहू. आतल्या ०.१ आणि ०.२ ची खरी बेरीज दोन शेजारी संख्यांच्या बरोबर मध्यावर पडते. अशा वेळी शेवटचा बिट सम असलेली संख्या घ्यावी, असा नियम आहे. इथे ती वरची निघते. खालच्या शेजाऱ्याकडे मात्र ‘०.३’ हे सर्वांत छोटे रूप आधीच असते. वरच्यालाही ०.३ म्हटले तर दोन वेगळ्या संख्या एकच दिसतील, म्हणून सतराव्या अंकापर्यंत जावे लागते. शेवटचा तो ४ म्हणजे छपाईचा प्रामाणिकपणा आहे, असे मला ठामपणे वाटते.

गैरसमज : या संख्या मुळातच अंदाजे असतात. साठवलेली प्रत्येक संख्या अगदी निश्चित असते. २ हा १० चा विभाजक असल्याने तिचा दशांश विस्तारही कुठेतरी संपतो. सर्वांत लहान धन संख्या, २ चा उणे १०७४ वा घात, पूर्ण लिहायला ७५१ सार्थ अंक लागतात, पण ती लिहिता येते. पायथनमध्ये २.६७५ दोन स्थळांपर्यंत पूर्ण केल्यावर २.६७ येते, तेही याचमुळे : आतली संख्या २.६७५ पेक्षा किंचित कमी असते.

गैरसमज : दशांशात छापणे किरकोळ काम आहे. दहाने गुणत एकेक अंक काढत गेले की त्या गुणाकारांतच चुका साठतात. गाय स्टील आणि जॉन व्हाइट यांनी १९९० मध्ये अचूक रीत प्रसिद्ध केली. ती मोठ्या पूर्णांकांवर चालते, म्हणून संथ आहे. त्याच वर्षी डेव्हिड गे यांचेही काम आले. वेग वाढवण्याची धडपड पुढे चालू राहिली : २०१० मध्ये फ्लोरियन लॉइच यांची ‘ग्रिसू’, २०१८ मध्ये उल्फ अ‍ॅडम्स यांची ‘र्‍यू’. जावामध्ये तर सर्वांत छोट्या रूपाऐवजी जास्त अंक छापले जाण्याचा दोष २०२२ च्या १९ व्या आवृत्तीपर्यंत टिकून होता.

तेव्हा पैशांचा हिशेब पूर्ण पैशांत किंवा दशमान प्रकारात ठेवा. मोजमापे फाइलमध्ये लिहिताना सहा अंकांवर तोडू नका, मूळ संख्या परत मिळणार नाही. ३२ बिटांच्या संख्येला ९ सार्थ अंक पुरतात, ६४ बिटांच्या संख्येला १७.