ट्यूब अँपची घरघर: ट्यूब बदलण्याआधी ऐका

ट्यूब अँप घेतलेल्या प्रत्येक गिटारवादकाला दोन वाक्यं ऐकावी लागतात. पहिलं, "ट्यूब अँप म्हटलं की आवाज करणारच." आणि तो आवाज वाढला की दुसरं, "ट्यूब गेल्या, सगळा सेट बदलून टाक." दोन्ही सल्ले आपुलकीने दिलेले असतात, पण दोन्हींमुळे नुकसान होतं. पहिल्यामुळे खरा बिघाड अंगवळणी पडतो, दुसऱ्यामुळे हजारो रुपये खर्चूनही घरघर तशीच राहते. अँपमधला नको असलेला आवाज बहुतेक वेळा आपला पत्ता स्वतःच सांगतो. तो नीट ऐकला पाहिजे.

उदाहरणासाठी 1963 साली बाजारात आलेला फेंडर डिलक्स रिव्हर्ब घेऊ. त्याच्या मंडलाची रचना आजही अनेक अँपमध्ये जवळपास तशीच सापडते. मागून पाहिलं तर उजवीकडे सहा छोट्या ट्यूब: पहिली नॉर्मल चॅनेलची, दुसरी व्हायब्रेटो चॅनेलची, तिसरी रिव्हर्ब चालवणारी, चौथी रिव्हर्बचा परत आलेला सिग्नल उचलणारी, पाचवी ट्रेमोलोची, सहावी फेज इन्व्हर्टर. त्यांच्यापुढे दोन 6V6 पॉवर ट्यूब आणि शेवटी रेक्टिफायर.

अँपकडे वळण्याआधी गिटारची केबल अँपच्या जॅकमधून काढा. जॅक रिकामा असला की इनपुट आपोआप ग्राउंडला जोडलं जातं. घरघर तिथेच थांबली तर अँप निर्दोष आहे. दोष गिटार, केबल किंवा खोलीतल्या विजेचा. सिंगल कॉइल पिकअप ट्रान्स्फॉर्मर, डिमर आणि ट्यूबलाइटच्या चोकचा आवाज सहज उचलतो. केबल पुन्हा लावून, गिटार हातात धरून जागच्या जागी गोल फिरा. घरघर कमीजास्त झाली तर अँप उघडायचं कारणच नाही. याच त्रासावर उपाय म्हणून गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये हमबकर पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल, तर तारांचं ग्राउंडिंग ठीक आहे असं समजा.

केबल काढूनही आवाज राहिला, तर तो कोणत्या सुरात आहे ते ऐका. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. हीटरच्या तारांमधून, ग्राउंड लूपमधून किंवा ट्रान्स्फॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून शिरलेली घरघर 50 हर्ट्झची असते. रेक्टिफायर विजेच्या दोन्ही अर्धलहरी वापरतो, म्हणून फिल्टर कपॅसिटर थकले की येणारी घरघर दुप्पट, 100 हर्ट्झची असते. हे ओळखायला यंत्र लागत नाही. ट्यून केलेल्या गिटारच्या सहाव्या, सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला जी सूर लागतो. त्याची कंपनसंख्या 98 हर्ट्झ. अँपची घरघर याच सुराच्या अगदी वर असेल आणि दोन्ही एकत्र वाजताना सेकंदाला सुमारे दोन हेलकावे ऐकू येत असतील, तर बोट फिल्टर कपॅसिटरकडे जातं. घरघर त्याहून एक सप्तक खाली असेल, तर हीटर आणि ग्राउंड तपासायचे. अमेरिकी पुस्तकांत 60 आणि 120 हर्ट्झ लिहिलेलं असतं; ते आकडे भारतात लागू नाहीत, आणि ते वाचून अनेकांचा शोध भरकटतो.

100 हर्ट्झ ऐकू आले की थेट कपॅसिटर बदलायला निघणं मात्र घाईचं आहे. डिलक्स रिव्हर्बच्या दोन पॉवर ट्यूब एकमेकींच्या विरुद्ध दिशेने काम करतात, आणि वीजपुरवठ्यातली उरलीसुरली घरघर आउटपुट ट्रान्स्फॉर्मरमध्ये परस्पर खोडली जाते. दोघींतला प्रवाह सारखा नसेल, तर कपॅसिटर चांगले असूनही घरघर येते. म्हणून आधी पॉवर ट्यूबची जोडी जुळलेली आहे का ते पाहावं.

आता नॉब. व्हॉल्यूम फिरवल्यावर आवाज बदलला तर उगम त्या नॉबच्या आधी. व्हॉल्यूम शून्यावर असूनही जसाच्या तसा राहिला तर नंतर. रिव्हर्ब शून्यावर नेल्यावर थांबला तर तिसरी-चौथी ट्यूब, रिव्हर्बच्या केबल किंवा खालची स्प्रिंगची पेटी. ही पेटी ट्रान्स्फॉर्मरजवळ असली की घरघर उचलते. कधी कधी ती उलटी फिरवून बसवली तरी काम होतं. टिकटिक ऐकू येत असेल आणि ती स्पीड नॉबबरोबर जलद-संथ होत असेल, तर ट्रेमोलोची वायर चुकीच्या जागेवरून गेली आहे.

नॉबने भागलं नाही तर ट्यूब काढून पाहायच्या. अँप बंद करून, ट्यूब गार झाल्यावर सहावी काढा आणि पुन्हा चालू करा. आवाज कायम राहिला तर दोष पॉवर ट्यूब किंवा वीजपुरवठ्यात. थांबला तर सहावी परत बसवून मागच्या एकेक करून काढत जा. पहिली आणि दुसरी ट्यूब एकाच जातीच्या, 12AX7; त्यांची अदलाबदल करा. आवाज ट्यूबबरोबर दुसऱ्या चॅनेलमध्ये गेला तर ट्यूब दोषी. जागेवरच राहिला तर नव्या ट्यूबचे पैसे वाया जाणार. या सगळ्यात स्पीकर कधीही काढायचा नाही. भाराविना चाललेला आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळू शकतो.

"पेन्सिलीने टिचकी मारली की ट्यूब वाजते, म्हणजे ती गेली," हाही पक्का रुजलेला समज. पहिल्या टप्प्यातली निरोगी ट्यूबसुद्धा टिचकीला थोडी वाजते, कारण तिचा आवाज पुढचे सगळे टप्पे वाढवतात. टिचकीनंतर ती किणकिणत राहिली किंवा शिट्टी घालू लागली, तरच ती मायक्रोफोनिक समजावी.

गरम तेलात मोहरी तडतडावी तसा, न वाजवताही येणारा आवाज मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात ट्यूब सर्वाधिक वेळा नाहक बदलल्या जातात. गुन्हेगार बहुधा 100 किलो-ओहमचा प्लेट रेझिस्टर असतो. जुन्या अँपमध्ये तो कार्बन कंपोझिशनचा असतो. वर्षानुवर्षं उष्णता आणि ओलावा सोसून त्यातला प्रवाह अडखळू लागतो. काही रुपयांचा मेटल फिल्म रेझिस्टर लावला की तडतड जाते आणि बारीक सूं-सूंही कमी होते. उरलेली थोडी सूं-सूं मात्र कुणालाच पूर्ण घालवता येत नाही. ती उष्णतेमुळे होणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या हालचालीतून येते, तो बिघाड नव्हे.

नॉब फिरवताना खरखर झाली की स्प्रे मारण्याची पद्धत आहे. धुळीपुरती ती ठीक. पण स्प्रेनंतर काही दिवसांतच खरखर परतली, तर नॉबवर डीसी व्होल्टेज येत असावं आणि त्यामागे गळका कपलिंग कपॅसिटर असू शकतो.

शेवटचा गैरसमज जिवावर बेततो: "अर्थिंगची पिन काढली की घरघर जाते." ग्राउंड लूपची घरघर त्याने खरंच जाते, आणि त्याबरोबर वादकाचं एकमेव संरक्षणही. मे 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मृत्युमुखी पडला. आपल्याकडे धोका आणखी एका वाटेने येतो. अमेरिकेतून आणलेल्या 120 व्होल्टच्या अँपसाठी घेतलेल्या स्वस्त स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मरचं आउटपुट अनेकदा दोनच पिनचं असतं; अर्थिंग तिथेच तुटतं. जुन्या फेंडरमध्ये तर मूळ वायरच दोन पिनची होती आणि विजेच्या लाइनपासून चॅसीपर्यंत एक कपॅसिटर जोडलेला असे. तो काढून तीन पिनची वायर बसवून घेणं हे अशा अँपचं पहिलं काम.

प्लग काढला म्हणजे अँप सुरक्षित झाला, असंही नाही. डिलक्स रिव्हर्बच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये 400 व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. रेझिस्टरमधून तो उतरवून मल्टिमीटरने खात्री करता येत नसेल, तर चॅसी उघडू नका. नॉब, ट्यूबची अदलाबदल आणि तिसऱ्या फ्रेटची परीक्षा एवढं चॅसी न उघडता होतं. त्यातून जे कळेल ते कागदावर लिहून अँपबरोबर कारागिराला द्या: आवाज कोणत्या सुरात आहे, कोणत्या नॉबने बदलतो, कोणती ट्यूब काढल्यावर थांबतो.