लाईट किती वेळा गेली, हे मोजणार कोण?

एप्रिल-मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि मोहल्ल्यात रोज एकच सवाल असतो, ‘लाईट कधी येणार?’ आम्हाला वाटते, त्याआधी दुसरा सवाल विचारायला हवा. वर्षभरात ती गेली किती वेळा, आणि किती मिनिटे?

खान्देशात वीज नाही असे मुळीच नाही. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र आहे, साक्री तालुक्यात १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. धुळ्याच्या ७६५ केव्ही उपकेंद्रातून वडोदरा आणि औरंगाबादकडे लाइनी जातात. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला, तेव्हा पश्चिमेचे जाळे तगले. हे मोठे जाळे बांधतानाच हिशोब केलेला असतो, की कोणतीही एक लाइन किंवा एक ट्रान्सफॉर्मर बंद पडला तरी पुरवठा चालू राहावा.

मोहल्ल्यातल्या डीपीला हा हिशोब कुठला? डीपी एकच. त्यावर कूलरचा लोड, वर आकड्यांचा (आकडे आपल्याकडेही आहेत, नाकारून काय उपयोग). डीओ उडाला की पूर्ण गल्ली बंद.

हे मोजण्याचे दोन आकडे आहेत. सैफी (हे आडनाव नव्हे) म्हणजे वर्षात एका ग्राहकाची वीज सरासरी किती वेळा गेली. सैडी म्हणजे सरासरी किती वेळ गेली. केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत दोन्हींचा उल्लेख आहे.

आता वर्गात सांगतो तसे गणित बघा. एका भागात १,००० ग्राहक. त्यातल्या एका मोहल्ल्यातल्या १०० ग्राहकांची वीज दहा वेळा गेली, बाकी ९०० जणांची एकदाही नाही. सैफी किती? फक्त एक. कागदावर सगळे छान, आणि त्या १०० घरांत पोरे दहा रात्री अंधारात. म्हणून पूर्ण शहराची सरासरी बघून समाधान मानू नये, आपल्या फीडरचा आकडा मागावा.

दुसरी गोम लहान झटक्यांची. किती मिनिटांहून कमी वेळ गेलेली वीज मोजायचीच नाही, हे ठरवण्याची मुभा त्याच नियमांत आयोगाला आहे. अमेरिकेच्या आयईईई मानकात ही मर्यादा पाच मिनिटांची आहे. पण धुळ्यातल्या यंत्रमाग कामगाराला विचारा. दोन मिनिटे वीज गेली तरी माग थांबतो, तार तुटते, कापडावर डाग राहतो. मजुरी मीटरवर मिळते, तासावर नाही. त्याचे नुकसान कोणत्याच आकड्यात येत नाही.

उपाय काही नवे नाहीत. डीपीची क्षमता वाढवणे, उघड्या तारांऐवजी एबी केबल, पावसाळ्याआधी फांद्या तोडणे, आणि फीडरला दुसऱ्या बाजूनेही वीज मिळेल अशी जोडणी. ही शेवटची गोष्ट सर्वांत महाग, पण खरा फरक तिनेच पडतो. पैसा आधी कुठे लावायचा, हे नोंदीवरून ठरते.

आणि नोंदीत आपणच कमी पडतो. ओळखीच्या वायरमनला फोन केला की काम होऊन जाते, पण त्या तक्रारीची नोंद कुठेच नसते. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५७ मध्ये भरपाईची तरतूद आहे, पण तक्रार क्रमांकच नसेल तर मागणार कशाच्या जोरावर? १९१२ वर फोन करून क्रमांक घ्यावा. आम्ही आमच्या नववीच्या मुलांना एक वही दिली आहे. तारीख, लाईट गेल्याची वेळ, आल्याची वेळ, तक्रार क्रमांक. चौथा रकाना अजून बराचसा कोरा आहे.