'दझर' की 'दूझर'? फ्रेंच शिकताना मराठी माणूस नेमका कुठे अडतो?

समजा, वेरूळच्या कैलास लेण्यासमोर एक फ्रेंच पर्यटक गाइडला भेटीची वेळ सांगतो, 'दझर'. म्हणजे दोन वाजता. गाइडला ऐकू येतं 'दूझर', म्हणजे बारा वाजता. फरक एका स्वराचा, पण घोळ दोन तासांचा!

छत्रपती संभाजीनगरजवळची अजिंठा आणि वेरूळ लेणी १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. परदेशी पाहुण्यांशी त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या गाइडला इथे मागणी असते. मग फ्रेंच शिकताना अडतं कुठे?

लिंग बदलतं
मराठीत लिंगं तीन, फ्रेंचमध्ये दोनच. म्हणजे सोपं? तसं नाही. आपलं 'ते चित्र' तिथे स्त्रीलिंगी, 'ते देऊळ' पुल्लिंगी आणि 'तो दगड' चक्क स्त्रीलिंगी. 'ती गुहा' तेवढी दोन्हीकडे स्त्रीलिंगी. त्यामुळे मराठीवरून अंदाज बांधू नका. प्रत्येक शब्द 'ल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) यासकटच पाठ करा.

त्याची की तिची?
'सा सर' म्हणजे त्याची बहीण आणि तिची बहीणसुद्धा! फ्रेंचमध्ये हा शब्द फक्त बहिणीचं लिंग बघतो, भावंड मुलगा आहे की मुलगी हे सांगत नाही. ते संदर्भावरूनच कळतं.

लिहिलेलं ऐकूच येत नाही
एक गुहा 'ला ग्रॉत', अनेक गुहा 'ले ग्रॉत'. अनेकवचनाचं शेवटचं अक्षर लिहितात, पण उच्चारत नाहीत. म्हणून कान शब्दाच्या शेवटाकडे नाही, सुरुवातीच्या 'ला-ले'कडे हवा.

मुकं अक्षर जागं होतं
'द' म्हणजे दोन. त्याचं शेवटचं अक्षर एरवी मुकं असतं. पुढे स्वर आला की ते 'झाड'मधल्या 'झ'सारखं ऐकू येतं: द + अर = दझर. याला 'लियेझों' म्हणतात. आपल्या संधीची (जगत् + ईश = जगदीश) आठवण येते ना? फरक इतकाच, की संधी लिहिताना दिसते, लियेझों फक्त ऐकू येतं.

पुस्तकातलं वेगळं, बोलण्यातलं वेगळं
'मला माहीत नाही' हे पुस्तकात 'ज न से पा', तर बोलताना नुसतं 'शे पा'. आपण नाही का 'काय करत आहेस'चं 'काय करतोयस' करत?

एक गोष्ट मात्र आपल्याला सोपी जाते. आपलं तू-तुम्ही तिथेही आहे: 'त्यु' आणि 'वू'. पाहुण्यांना अर्थातच 'वू'.

आणि वेळेचा घोळ? दुपारच्या बाराला फ्रेंच लोक सहसा 'मिदी' म्हणतात. शंका आली तर फक्त विचारायचं, 'मिदी?'