'अॅज वेल अॅज' या इंग्रजी पदबंधाचा वाक्यातील उपयोग : क्रम, अन्वय आणि अर्थ

प्रस्तावना

दोन समान दर्जाचे घटक जोडण्यासाठी इंग्रजीत 'अँड' हे उभयान्वयी अव्यय पुरेसे असते. तरीही विद्यार्थ्यांच्या निबंधांत, शोधनिबंधांच्या सारांशांत, सभांच्या इतिवृत्तांत आणि महाविद्यालयीन सूचनापत्रांत 'अॅज वेल अॅज' हा पदबंध विपुल प्रमाणात आढळतो. 'अँड'ची पुनरुक्ती टाळण्याचे किंवा भाषा अधिक भारदस्त करण्याचे साधन म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते. मराठीत त्याचा अर्थ 'तसेच' असा शिकविला जातो आणि तेथेच त्याचे अध्यापन संपते.

हा अर्थ चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. मराठीतील 'तसेच' आणि इंग्रजीतील 'अॅज वेल अॅज' हे दोन्ही जोडणीचेच काम करतात. मात्र त्यांची दिशा परस्परविरुद्ध आहे. ही दिशा लक्षात न घेतल्यास वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध राहूनही लेखकाला जे ठसवायचे आहे तेच दुय्यम ठरते. प्रस्तुत लेखात या पदबंधाचा क्रम, क्रियापदाशी असलेला त्याचा अन्वय आणि त्यातून उद्भवणारी संदिग्धता यांचा विचार केला आहे.

मूळ अर्थ : तुलना

या पदबंधाची घडण तुलनेची आहे. 'शी सिंग्ज अॅज वेल अॅज हर सिस्टर' या वाक्याचा अर्थ 'ती आपल्या बहिणीइतकीच चांगली गाते' असा होतो. यातील 'अॅज' हा शब्द आणि 'ऑल्सो' हा शब्द मुळात एकच होत. जुन्या इंग्रजीतील 'सर्वथा तसे' अशा अर्थाच्या शब्दापासून दोन्ही आले व पुढे वेगळे झाले. 'जितक्या योग्य रीतीने हे, तितक्याच योग्य रीतीने ते' या समतुल्यतेच्या कल्पनेतून 'हेही आणि तेही' हा समुच्चयाचा अर्थ आला.

मराठीचा मार्गही याहून फारसा निराळा नाही. 'तसेच' हे अव्यय 'तसे' आणि 'च' यांचे बनलेले आहे व 'जसे… तसेच' ही जोडी अजूनही वापरात आहे. 'जसे विद्यार्थी आले, तसेच पालकही आले' या वाक्यात विद्यार्थी येणे ही गृहीत धरलेली गोष्ट आहे, तर पालक येणे ही नव्याने सांगितलेली गोष्ट आहे. मराठीत 'जसे'ने आरंभ होणारे गौण वाक्य सामान्यतः आधी येते व मुख्य वाक्य नंतर. इंग्रजीत तुलनेचे गौण अंग मुख्य वाक्याच्या नंतर येते. दोन्ही भाषांत समतुल्यतेची कल्पना एकच आहे. परंतु मराठीत 'तसेच' हे मुख्य अंगाला चिकटले आहे आणि इंग्रजीत 'अॅज वेल अॅज' हे गौण अंगाला चिकटले आहे. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ या भेदात सापडते.

माहितीचा क्रम

'द स्टडी कव्हर्स रूरल अॅज वेल अॅज अर्बन कॉलेजेस' हे वाक्य घेऊ. यात शहरी महाविद्यालयांचा समावेश वाचकाला अपेक्षितच आहे असे गृहीत धरलेले आहे. ग्रामीण महाविद्यालयांचा समावेश ही विशेष गोष्ट आहे. मराठीत हाच आशय 'या अभ्यासात शहरी महाविद्यालयांबरोबरच ग्रामीण महाविद्यालयांचाही समावेश आहे' असा सांगावा लागेल. म्हणजेच घटकांचा क्रम उलटावा लागेल.

मराठीत विचार करणारा संशोधक 'शहरी तसेच ग्रामीण' या क्रमाने विचार करतो आणि त्याच क्रमाने 'अर्बन अॅज वेल अॅज रूरल' असे लिहितो. त्याच्या संशोधनाचे वेगळेपण ग्रामीण भागात आहे. वाक्य मात्र ते वेगळेपण 'हे तर आहेच' अशा स्वरात मागे ढकलते. सारांश वाचून निबंधाचे मूल्य ठरविणाऱ्या परीक्षकाच्या दृष्टीने हा भेद किरकोळ नाही. शिफारसपत्रातही हेच घडते. एखादा अध्यापक भाषाविज्ञान शिकवितोच, शिवाय नाट्यदिग्दर्शनही करतो, असे सांगायचे असेल तर दिग्दर्शनाचा उल्लेख आधी यावयास हवा.

येथे 'नॉट ओन्ली… बट ऑल्सो' या रचनेशी तुलना उपयुक्त ठरते. 'क अॅज वेल अॅज ख' याचा अर्थ 'केवळ ख नव्हे, तर क सुद्धा' असा होतो. एका रचनेत नवी गोष्ट शेवटी येते, तर दुसरीत आरंभी. एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. दीर्घ यादीत हा पदबंध पुष्कळदा केवळ गट वेगळे करण्यासाठी येतो. 'बुक्स, जर्नल्स अँड न्यूजपेपर्स, अॅज वेल अॅज मॅप्स' अशा रचनेत क्रमाचा हा भेद फिका पडतो आणि पदबंधाचा अर्थ 'अँड'च्या जवळ जातो. दोनच घटक समोरासमोर असतील तेव्हा मात्र क्रमाला महत्त्व द्यावे.

क्रियापदाचा अन्वय

भारतातील शाळांतून पिढ्यान्पिढ्या वापरल्या गेलेल्या रेन व मार्टिन यांच्या व्याकरणात या पदबंधाचा एक नियम दिलेला आहे : क्रियापद पहिल्या कर्त्याप्रमाणे चालते. 'द टीचर, अॅज वेल अॅज द स्टूडंट्स, इज प्रेझेंट' येथे 'इज' हे एकवचन 'टीचर'ला अनुसरून आले आहे. पुरुषाच्या बाबतीतही तेच : 'आय, अॅज वेल अॅज माय कलीग्ज, अॅम रिस्पॉन्सिबल'. विद्यार्थी हा नियम पाठ करतात, पण त्याचे कारण त्यांना सांगितले जात नाही.

कारण वर आलेच आहे. दुसरा घटक गौण अंगात असल्याने तो कर्त्याचा पूर्ण भागीदार होत नाही. मराठीत यास समांतर रचना 'तसेच'ची नसून 'सह' या शब्दयोगी अव्ययाची आहे. 'मुलगा आणि त्याचे आईवडील आले' येथे क्रियापद अनेकवचनी आहे. 'मुलगा आईवडिलांसह आला' येथे ते एकवचनी आहे. माणसे दोन्ही वाक्यांत तितकीच आली. वाक्याचा कर्ता मात्र बदलला. 'अॅज वेल अॅज'चा अन्वय 'आणि'प्रमाणे नव्हे, तर 'सह'प्रमाणे चालतो, एवढे सांगितले की नियम पाठ करावा लागत नाही.

वर्गात उदाहरणे निवडताना एक दक्षता घ्यावी. 'प्राचार्य शिक्षकांसह उपस्थित होते' या वाक्यात क्रियापद आदरार्थी बहुवचनात असल्याने हा भेद झाकला जातो. आदरार्थी बहुवचनाची सवय असलेला मराठी भाषक इंग्रजीतही सहज 'आर' लिहून जातो. म्हणून आरंभीची उदाहरणे आदरार्थी नसलेल्या नामांची घ्यावीत.

क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टविक यांनी १९८५ मधील आपल्या बृहद्व्याकरणात हा पदबंध पूर्ण समन्वयी अव्ययांत न घालता समन्वयसदृश पदबंधांच्या वर्गात ठेवला आहे. त्याचे वर्तन काही ठिकाणी उभयान्वयी अव्ययासारखे, तर काही ठिकाणी 'सह'सारख्या शब्दासारखे असते. त्यामुळे प्रत्यक्ष व्यवहारात, विशेषतः स्वल्पविराम नसताना, अनेकवचनी क्रियापदही आढळते. औपचारिक लेखनात मात्र पहिल्या कर्त्याशी अन्वय राखणे आणि दुसरा घटक स्वल्पविरामांत ठेवणे हेच योग्य. दोघांवर समान जबाबदारी टाकायची असेल तर सरळ 'अँड' वापरावे.

पुढे येणारे क्रियापदाचे रूप

हा पदबंध दोन क्रियांना जोडतो तेव्हा त्यानंतर बहुधा 'इंग'युक्त रूप येते : 'शी राइट्स पोएम्स अॅज वेल अॅज टीचिंग इंग्लिश'. वाक्यारंभी तर हेच रूप लागते : 'अॅज वेल अॅज टीचिंग इंग्लिश, शी राइट्स पोएम्स'. मुख्य क्रियापद 'टू'सह आलेले असेल तर पुढे मूळ धातू चालतो : 'शी हॅज टू टीच अॅज वेल अॅज गाइड रिसर्च'.

संदिग्धतेची स्थळे

तुलनेचा मूळ अर्थ आजही जिवंत असल्याने काही वाक्ये द्व्यर्थी होतात. 'शी स्पीक्स मराठी अॅज वेल अॅज इंग्लिश' याचा अर्थ 'ती इंग्रजीबरोबरच मराठीही बोलते' असा होईल किंवा 'ती इंग्रजीइतकीच चांगली मराठी बोलते' असाही होईल. बोलताना आघातावरून उलगडा होऊ शकतो; अर्जात किंवा परिचयपत्रात तो होत नाही. अशा ठिकाणी 'बोथ… अँड' ही रचना निःसंदिग्ध ठरते.

नकारार्थी वाक्यात अधिक सावधगिरी हवी. मराठीत 'अर्ज तसेच शुल्क मिळाले नाही' म्हटले की दोन्ही मिळाले नाहीत असे समजते. 'द ऑफिस डिड नॉट रिसीव्ह द फॉर्म अॅज वेल अॅज द फी' या वाक्यात तो अर्थ निश्चित राहत नाही. दोन्हींपैकी एकच मिळाले, असाही अर्थ निघू शकतो. तेथे 'नीदर… नॉर' वापरावे. प्रवेश किंवा शिष्यवृत्तीविषयक सूचनेत अशा वाक्यामुळे विद्यार्थ्याचे नुकसान होऊ शकते.

'बोथ मराठी अॅज वेल अॅज इंग्लिश' ही रचनाही आपल्याकडे वारंवार आढळते. 'बोथ'ची जोडी 'अँड'शीच आहे. 'बोथ' दोन्ही घटकांना समान पातळीवर आणते, तर 'अॅज वेल अॅज' त्यांपैकी एकाला मागे ठेवते. दोन्ही एकत्र आणल्यास वाक्य स्वतःलाच छेद देते.

अध्यापनाच्या दृष्टीने

हा पदबंध लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. दोन घटकांपैकी नवा कोणता? तो आधी आला आहे काय? क्रियापद त्याच्याशी जुळले आहे काय? दोन्ही घटक सारख्याच महत्त्वाचे असतील तर 'अँड' लिहिण्यात कमीपणा नाही. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतानाही घटकांचा क्रम उलटून 'ख-बरोबरच क-ही' अशी रचना करण्याचा सराव द्यावा.

समारोप

शब्दकोशातील प्रतिशब्द अर्थ सांगतो, वाक्यातील स्थान सांगत नाही. 'तसेच' नव्या गोष्टीचे बोट धरून येते. 'अॅज वेल अॅज' ज्ञात गोष्टीला सोबत घेऊन मागून येते. जोडणारे शब्द शिकविताना ते काय जोडतात याबरोबरच कोणाला पुढे आणि कोणाला मागे ठेवतात, हेही शिकविले गेले, तर आपल्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी लेखन शुद्धतेच्या पलीकडे जाऊन अचूक होईल.