आजोबांच्या फोनमधलं ५ नंबरचं बटण

चेन्नईच्या उत्तर टोकाला एन्नोर आहे. समुद्रकाठी कोळ्यांची गावं आणि त्यांना खेटून बंदर, वीज केंद्रं, कारखाने. २६ डिसेंबर २०२३ च्या रात्री तिथल्या एका खत कारखान्याच्या समुद्राखालच्या पाइपलाइनमधून अमोनिया गळला. उग्र वासाने लोक जागे झाले, डोळे चुरचुरू लागले, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. मुलंबाळं, म्हातारी माणसं घेऊन लोक अंधारातच घराबाहेर पडले. अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं.

वय वाढतं तशी वास ओळखण्याची ताकदही कमी होते. ऐकूही कमी येतं. अशा रात्री घरात एकट्या राहणाऱ्या आजींना उठवणार कोण? आणि हा प्रश्न एन्नोरपुरता नाही. २३ मे २०२४ ला डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्फोट झाला, तोही वस्तीला लागूनच. तारापूर, रोहा, लोटे इथेही कारखाने आणि घरं फार लांब नाहीत. मुलं पुण्याला किंवा परदेशात आणि आई-बाबा गावच्या घरात, असं चित्र तर आता घरोघरी दिसतं.

त्यांच्यासाठी आपण काय करतो? चांगला फोन घेऊन देतो. दुकानदार कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते सांगतो, बॅटरीचं सांगतो. आजोबांच्या खऱ्या उपयोगाच्या गोष्टी मात्र ना तो सांगत, ना आपण विचारत. त्यातल्या काही तर सरकारी नियमामुळे फोनमध्ये आधीच आलेल्या असतात!

पहिली गोष्ट, ५ नंबरचं बटण. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमानुसार १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये मदतीचं बटण असणं सक्तीचं झालं. साध्या, बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं (काही फोनमध्ये पाचदा, सेटिंग्जमध्ये एकदा बघून घ्या). फोन थेट आपत्कालीन सेवेला, म्हणजे ११२ ला लागतो. चष्मा शोधायला नको, नंबर आठवायला नको. न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या माणसाला यापेक्षा सोपं काय हवं? पण हे बटण आहे हेच बहुतेक घरांत कुणाला माहीत नाही. फक्त गंमत म्हणून दाबून बघू नका, पलीकडे खरोखरच कुणीतरी उचलतं.

दुसरी गोष्ट, धोक्याची सूचना. २०२३ मध्ये सरकारने देशभर तिच्या चाचण्या घेतल्या तेव्हा तुमचाही फोन अचानक मोठ्याने वाजला असेल. हा साधा एसएमएस नव्हे. त्या भागातल्या टॉवरवरून तो एकाच वेळी सगळ्यांना जातो आणि फोन सायलेंट असला तरी वाजतो. नव्या फोनमध्ये, साध्या फोनमध्येसुद्धा, ही सोय हवी आणि संदेश मोठ्याने वाचूनही दाखवला जावा, असा नियम त्याच वर्षी झाला. मोतीबिंदू झालेल्या आजीसाठी हे वाचून दाखवणंच महत्त्वाचं. दचकायला होतं म्हणून आपणच तिच्या फोनमधल्या या सूचना बंद केल्या असतील, तर आज सुरू करा.

आता पेन्शनकडे वळू. २०१४ पासून हयातीचा दाखला डिजिटल झाला, बँकेतली रांग वाचली. पण आयुष्यभर कष्ट केलेल्या हातांचे ठसे पुसट होतात आणि मशीन त्यांना ओळखत नाही. म्हणून २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख आली. तिथे ॲप म्हणतं, पापण्या मिटा-उघडा. अर्धांगवायूने एक पापणी हलत नसेल तर?

असाच प्रश्न ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिलांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. बँक आणि सिमकार्डच्या केवायसीत त्या पापणी मिटू शकत नव्हत्या. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पापणी मिटण्याला पर्याय द्या, असा आदेशही दिला. वेबसाइट आणि ॲप सर्वांना वापरता यावीत यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२ हे मानकही आहे. माझ्या मते या निकालाचा सगळ्यात जास्त फायदा म्हाताऱ्या माणसांना व्हायला हवा. तेव्हा बँकेत कुणी "सिस्टीम घेत नाही" म्हणालं, तर आजोबांना तसंच परत आणू नका. दुसरा मार्ग मागा, नकार लेखी मागा. हयातीच्या दाखल्यासाठी तर पोस्टमनलाही घरी बोलावता येतं, थोडं शुल्क पडतं.

येत्या रविवारी आई-बाबांकडे गेलात की त्यांच्याच हातात फोन देऊन बटण कुठलं ते दाखवा. मोठ्या अक्षरांत एक कागद लिहून फोनजवळ चिकटवा. त्यावर ११२ लिहा आणि ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन १४५६७ लिहा. ती सकाळी ८ ते रात्री ८ चालते. त्यानंतर ११२ च.